आईच्या स्मरणार्थ वृंदगानाचा मदतनिधी कार्यक्रम : कसा करावा आणि मुळात करावा का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी आई गेल्या वर्षी श्रावणात गेली. नाशकात तिने बरीच वर्षे हौशी गायिकांचे एक वृंदगान मंडळ चालवले. गणेशोत्सव, कोजागिरी, शाळांची संमेलने एवढाच त्यांचा वावर असे आणि बिदागी त्यांनी कधी घेतली नाही. शेवटचे काही महिने आई घरीच होती. एका सेवाभावी संस्थेचे डॉक्टर आणि परिचारिका घरी येऊन तिच्या वेदना आटोक्यात ठेवत असत, आणि त्यासाठी त्यांनी आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही.

आता मंडळातल्या मावश्यांच्या मनात आहे, की वर्षश्राद्धाच्या सुमारास आईने बसवलेल्या गाण्यांचा कार्यक्रम करावा आणि जमेल तो निधी त्या संस्थेला द्यावा. काही मावश्यांचे यजमान आणि मुलेही गायला तयार आहेत, त्यामुळे पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांचा मिळून चाळीसेक जणांचा वृंद होईल.

तिकीट लावावे की प्रवेश खुला ठेवून ऐच्छिक देणगी घ्यावी? गाणी किती असावीत? भाषणे कोणाची आणि किती वेळ? माझ्या भावाचे म्हणणे असे, की सभागृहावर आणि ध्वनिव्यवस्थेवर जो खर्च होईल तो सरळ संस्थेच्या खात्यात भरावा आणि गाण्याची हौस मंडळाने एरवी भागवावी. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

सडेतोड

आपल्या भावाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. हिशेब करून पाहा. 300 खुर्च्यांचे सभागृह घेतले, 200 रुपये तिकीट लावले आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, तरी हाती 60,000 रुपये येतात. भाडे, ध्वनिव्यवस्था, तबलजी आणि पेटीवाल्यांचे मानधन, छपाई, चाळीस जणांचा चहा-नाश्ता हे सगळे त्यातून वजा केल्यावर संस्थेच्या पदरात काय पडणार? कित्येकदा घरच्यांनाच पदरमोड करावी लागते आणि तरीही निमंत्रणपत्रिकेवर ‘मदतनिधी’ हा शब्द मिरवत असतो. ज्याला मदत करायची आहे त्याने धनादेश लिहावा.

मिश्र_पिलू

सडेतोडराव, धनादेशाला मध्यंतरात बटाटेवडा मिळत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे.

तिसरी_घंटा

नाट्यगृहांच्या व्यवस्थापनात बराच काळ घालवला असल्याने काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तारखेची. तिथी धरून श्रावणातच कार्यक्रम करायचा आग्रह असेल, तर तबलावादक मिळणे अवघड होईल, कारण त्या सुमारास मंगळागौरींपासून गणेशोत्सवाच्या तालमींपर्यंत सगळे बांधले गेलेले असतात. पितृपक्षात मात्र शुभकार्ये नसल्याने सभागृहे ओस पडलेली असतात, साथीदार मोकळे असतात आणि भाड्याच्या बाबतीत खासगी सभागृहवाले जरा नमते घेतात. दिवंगत व्यक्तीच्या स्मरणाचा कार्यक्रम पितृपक्षात करण्यात अनौचित्य काहीच नाही, उलट औचित्यच आहे. तरीही लोक दचकतात, हे मी पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. सभागृह सहसा ठरावीक तासांच्या सत्रासाठी मिळते, आणि चाळीस जणांचा वृंद रंगमंचावर नीट उभा करून आवाज तपासायला दीड तास हा हा म्हणता जातो. म्हणून लागून असलेले आधीचे अर्धे सत्र मिळते का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट भाषणांची. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार, एवढे झाल्यावर जो वेळ उरतो त्यात गाणी, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. आपण शाल-श्रीफळ पूर्ण वगळा. आईंविषयी घरच्या एकानेच पाच मिनिटे बोलावे आणि संस्थेच्या एकाने पाच. त्यांचे बोलणे मध्यंतराच्या लगेच आधी ठेवा, म्हणजे प्रेक्षक बाहेर पडताना दानपेटी समोर असते आणि मनात विषय ताजा असतो. अगदी शेवटी ठेवले, तर रिक्षा पकडायची घाई असलेला प्रेक्षक उठून निघालेला असतो.

पांढरी_पाच

सगळे जण पैशांवर बोलत आहेत, परंतु मूळ धाग्यातले जे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटले त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही : ‘पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांचा मिळून’.

आईंनी बसवलेली गाणी स्त्रियांच्या स्वरात, म्हणजे बहुधा काळी चार किंवा पांढरी सहा या पट्टीत (पेटीची ती पट्टी ‘सा’ धरून) असणार. पुरुषांचा सहज षड्ज (सा) काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास असतो. गाणे मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) फिरत असेल, तर दोघांना सोयीची अशी एक पट्टी अस्तित्वातच नाही. पांढरी चार ही तडजोड हौशी मंडळे नेहमी करतात. तिथे स्त्रियांचा मंद्र ऐकू येत नाही आणि पुरुषांच्या गळ्याच्या शिरा तार षड्जावरच ताठ होतात.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय असा, की ध्रुवपद सर्वांनी म्हणावे आणि अंतरे वाटून घ्यावेत. वरचा अंतरा स्त्रियांना, खालच्या अंगाचा पुरुषांना. ज्या ओळीत मेळ बसत नाही तिथे एका गटाने सरळ गप्प राहावे. वृंदगानात गप्प राहणे हेही कामच आहे, हे हौशी गायकांच्या गळी उतरवणे सर्वांत कठीण.

दुसरा उपाय अभ्यासाचा आहे. पुरुषांनी पांढरी दोन हा षड्ज धरला, तर त्यांचा मध्यम (म) पांढरी पाचवर येतो आणि तो स्त्रियांनी आपला षड्ज मानायचा. पंडित जसराज यांनी याच तत्त्वावर ‘जसरंगी’ ही जुगलबंदी रचली, ज्यात गायक आणि गायिका एकाच वेळी दोन वेगवेगळे राग गातात. हौशी वृंदाने त्या वाटेला जाऊ नये. परंतु पुरुषांनी एक कडवे त्यांच्या पट्टीत म्हटल्यावर पुढचे कडवे स्त्रियांनी त्या मध्यमावरून उचलणे, एवढे कोणालाही जमते आणि ते कानाला सुंदर लागते.

आणखी एक बारीकसारीक गोष्ट. पेटी आणि कीबोर्ड दोन्ही वापरणार असाल, तर ती पहिल्या तालमीलाच शेजारी ठेवून जुळवून पाहा. जुनी पेटी कीबोर्डाला जुळेलच असे नाही. कीबोर्ड किंचित वर-खाली करता येतो, पेटी येत नाही, म्हणून पेटी प्रमाण मानायची. हे कार्यक्रमाच्या दिवशी लक्षात आले तर तबलजीने सकाळपासून लावून ठेवलेला तबला पुन्हा लावावा लागतो आणि त्याचे तोंड पाहण्यासारखे होते.

खर्ज

पांढरी_पाच यांना एक दुरुस्ती सुचवतो. वृंद हौशी असला तरी पुरुषांना खालच्या सप्तकात स्थिर षड्ज-पंचम धरायला देता येतो, म्हणजे ते तानपुऱ्याचे काम करतात आणि स्त्रियांची गाणी त्यांच्या मूळ पट्टीत जशीच्या तशी राहतात. आईंनी बसवलेली गाणी आहेत. ती पुरुषांच्या सोयीसाठी बदलण्याला माझा तरी विरोध आहे.

पांढरी_पाच

खर्ज, तत्त्वतः मान्य. मात्र हौसेने आलेल्या यजमानांना दोन तास नुसता षड्ज धरायला लावले, तर मध्यंतरानंतर ते प्रेक्षकांत बसलेले दिसतील. दोन-तीन गाण्यांपुरते करावे.

हडर्सफील्डकर

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात राहतो आणि इथल्या एका हौशी वृंदात खर्जाच्या ओळीत उभा राहतो. हडर्सफील्ड या आमच्या गावची कोरल सोसायटी (वृंदगान मंडळ) 1836 सालची आहे आणि नाताळाच्या सुमारास हँडल या संगीतकाराच्या ‘मसाया’ या धार्मिक वृंदरचनेचे गायन ही इथली वारीच म्हणावी लागेल. आमचा वृंद तेवढा मोठा नाही, पण दरवर्षी एखादा कार्यक्रम कोणा दिवंगत सभासदाच्या स्मरणार्थ होतो आणि जमलेले पैसे बहुधा जवळच्या एखाद्या हॉस्पिसला (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला) जातात.

सडेतोड यांचा आक्षेप जुना आहे आणि त्यावरचा तोडगाही जुनाच आहे. ‘मसाया’चा पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये झाला तोच मुळी मदतीसाठी : कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी आणि शहरातली दोन रुग्णालये. जागा पुरावी म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांखालच्या कमानी आणि पुरुषांनी कमरेच्या तलवारी घरी ठेवून याव्यात, असे जाहीर आवाहन केले होते. त्यामुळे सुमारे सातशे लोक मावले आणि जमलेल्या पैशातून 142 कैद्यांची सुटका झाली. पुढे लंडनच्या अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी 1750 पासून हँडलने हीच रचना वरचेवर सादर केली आणि तिची एक प्रत मृत्युपत्राद्वारे त्या संस्थेला ठेवली. म्हणजे एकदाच्या धनादेशाने जे झाले नसते ते दर वर्षीच्या गाण्याने झाले. धनादेश घरचे लोक देतात. गाणे ऐकायला येणारा प्रेक्षक हा त्या संस्थेचे नावही न ऐकलेला असतो आणि त्यातले काही जण पुढे आपण होऊन देत राहतात.

इथली रीत सांगतो. तिकिटाच्या पैशांतून चर्चचे भाडे, वादकांचे मानधन आणि संगीताच्या छापील प्रतींचे भाडे भागवायचे. देणगी वेगळी, कार्यक्रम संपल्यावर दारात बादल्या घेऊन उभे राहून गोळा करायची. बादली धरणारा माणूस शक्यतो वृंदातलाच आणि काळ्या पोशाखातच असावा, कारण नुकतेच ज्याला गाताना पाहिले त्याच्यासमोरून नोट न टाकता जाणे लोकांना जड जाते. सरकारची ‘गिफ्ट एड’ नावाची सवलतही आहे. करदात्याने पाकिटावर सही केली की त्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स जास्त मिळतात. तिकिटाच्या रकमेला ती सहसा लागू होत नाही, म्हणूनही बादली वेगळी.

एक गोष्ट मात्र पैशांच्या पलीकडची आहे. ज्यांचे माणूस गेले आहे ते वृंदात गाणार असतील, तर त्यांना ओळीच्या टोकाला उभे करू नका. मध्ये, दोन खमक्या गाणाऱ्यांच्या बगलेत ठेवा. गळा दाटून आला की त्यांनी गाणे थांबवायचे, शेजारचे पुढे नेतात आणि प्रेक्षकांना कळतही नाही. एकट्याने गाणाऱ्याला ही सवलत नसते. श्वासदेखील वृंदात असाच वाटून घेतात, सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही.

गोदाकाठ

हडर्सफील्डकर, शेवटच्या परिच्छेदासाठी विशेष आभार. मावशींपैकी दोघी तालमीत पहिल्याच गाण्याला थांबतात. त्यांना बाजूला बसवावे की काय असा विचार चालला होता. आता त्यांना मधल्या ओळीत घेतो.

मांडवी

गोव्याहून लिहिते. आमच्याकडे कोणी गेले की महिन्याची मीस (चर्चमधली प्रार्थना) आणि वर्षाची मीस असते आणि गावच्या चर्चचा कॉयर (गायकवृंद) तिथे गातो. त्याला कार्यक्रम कोणी म्हणत नाही, तिकीट नसते, टाळ्या नसतात. त्यामुळे स्मरणार्थ गाणे आणि स्मरणार्थ कार्यक्रम यांत आमच्या मनात फरक आहे. माझ्या वडिलांच्या वर्षाच्या मीसनंतर आम्ही संध्याकाळी सभागृहात वेगळा कार्यक्रम केला, तिथे मांडो (कोकणी गीतप्रकार) झाले, घुमट (मातीचे तालवाद्य) वाजले आणि लोक हसलेदेखील. मांडो दोन स्वरांत गातात, पहिला आणि दुसरा. पांढरी_पाच यांनी मांडलेली अडचण तिथे येत नाही, कारण वरचा आणि खालचा गळा गृहीत धरूनच तो गायचा असतो.

सुचवायचे एवढेच, की शोकाचा भाग घरी किंवा देवळात उरकावा आणि सभागृहात आईंना आवडणारी, चैतन्याची गाणीही ठेवावीत. सलग दोन तास विरहाची पदे ऐकवून लोकांकडे पैसे मागणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

सडेतोड

हडर्सफील्डकरांनी तीनशे वर्षांपूर्वीचा हँडल आणला. हँडलचे नाव फलकावर असेल तर मीही तिकीट काढीन. हौशी मंडळाच्या प्रेक्षकांत नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारीच असतात, आणि तेच लोक आधी अंत्ययात्रेला आले, मग तेराव्याला आले, आता त्यांना तिकीट विकायचे. हा एक प्रकारचा भिडेचा कर आहे.

मिश्र_पिलू

भिडेचा कर वस्तू व सेवा कराच्या कोणत्या टप्प्यात येतो, हे जमाखर्च यांनी सांगावे.

जमाखर्च

हाक मारलीच आहे तर व्यवसायाला जागून लिहितो. भीड करमुक्त आहे. बाकीचे असे :

संगीताच्या कार्यक्रमाचा प्रवेशदर माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. आपल्या कार्यक्रमाचे तिकीट त्याच्या आतच असणार, त्यामुळे हा प्रश्न मिटला.

तिकीट ही देणगी नव्हे. तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षकाला कार्यक्रम पाहायला मिळतो, म्हणून त्या रकमेवर देणगीसाठीची आयकर वजावट (जिला 80-जीची वजावट म्हणतात) मागता येत नाही. ज्यांना पावती हवी आहे त्यांची देणगी थेट संस्थेच्या खात्यात गेली पाहिजे आणि पावतीही संस्थेनेच दिली पाहिजे. मंडळाने किंवा घरच्यांनी आपल्या बचत खात्यात पैसे गोळा करून मग एकरकमी पाठवले, तर वजावटीचा हक्क त्या प्रेक्षकांना मिळत नाही. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्यांना ती मुळातच नाही. म्हणून दारात संस्थेचाच क्यूआर संकेत लावावा आणि संस्थेचाच माणूस पावतीपुस्तक घेऊन बसवावा. आपल्या कोणाचा वैयक्तिक क्यूआर लावण्याचा मोह सोयीसाठीसुद्धा करू नका.

नोंदणी नसलेले मंडळ स्वतःच्या नावाने धर्मादाय कामासाठी जाहीर वर्गणी गोळा करणार असेल, तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची 41-क खालची परवानगी लागते. नोंदणीकृत संस्था स्वतःच गोळा करत असेल तर हा व्याप आपल्या डोक्यावर राहत नाही.

आता सडेतोड यांच्या मुद्द्याविषयी. त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो कार्यक्रमाचा खर्च आणि देणगी एकाच थैलीत टाकून केलेला आहे. वेर्दी या इटालियन संगीतकाराने मांझोनी या लेखकाच्या पहिल्या पुण्यतिथीला, 22 मे 1874 रोजी, मिलानमध्ये आपली ‘रेक्वियम’ ही मृतांसाठीच्या प्रार्थनेची रचना सादर केली, तेव्हा संगीताच्या प्रतींचा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवून सादरीकरणाचा भार नगरपालिकेने घ्यावा, असे त्याने आधीच ठरवून घेतले होते. मी त्यावरून एवढेच घेतो, की कोण कशाचे पैसे देणार हे पहिल्या तालमीआधी कागदावर यावे. सभागृह, ध्वनी आणि साथीदार यांचा खर्च घरच्यांनी वर्षश्राद्धाचा खर्च म्हणून करावा, जसा जेवणावळीचा केला असता. मग दारात पडलेला एकेक रुपया जसाच्या तसा संस्थेला जातो, आणि ‘खर्च वजा जाता’ हे शब्द पत्रिकेवर छापावे लागत नाहीत.

तिसरी_घंटा

जमाखर्च यांच्याशी पूर्ण सहमत. ‘खर्च वजा जाता’ हे शब्द वाचले की प्रेक्षक मनातल्या मनात खर्च मोजू लागतो. पुष्पगुच्छ दिसला की मोजतो, फुलांची कमान दिसली की मोजतो.

पुठ्ठ्याचा तो दारभर लांबीचा धनादेशही कृपा करून करू नका.

शुश्रूषा

मी अशाच एका गृहसेवा पथकात परिचारिका आहे. आमच्या संस्थेसाठी असे कार्यक्रम झालेले आहेत, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

संस्थेला आधी विचारा. देणाऱ्याला वस्तू द्यायला आवडते, कारण तिच्यावर नाव घालता येते. आमच्याकडे दिवंगतांच्या नावाची पाटी लावलेल्या चाकाच्या खुर्च्या कोठीत एकात एक अडकवून ठेवलेल्या आहेत. कमी पडते ते गाडीचे पेट्रोल, परिचारिकांचा पगार, हवेच्या गाद्यांची दुरुस्ती, प्रौढांचे डायपर आणि जखमेच्या पट्ट्या. मॉर्फिनच्या गोळ्या तुलनेने स्वस्त आहेत. त्या योग्य वेळी घरी पोहोचवणारा आणि मात्रा ठरवणारा माणूस महाग आहे. ‘परिचारिकेच्या पगारासाठी’ असे म्हणून देणगी फार थोडे लोक देतात. आपल्या आईंकडे जी परिचारिका येत असे तिचे काम महिनाभर चालण्यासाठी काय लागते, तो आकडा संस्थेकडून घ्या आणि तेवढाच प्रेक्षकांना सांगा. लोकांना तो समजतो आणि डोळ्यांसमोर उभा राहतो.

दुसरी विनंती. पडद्यावर रुग्णांची छायाचित्रे दाखवू नका, आपल्या आईंचे आजारपणातले छायाचित्रही नको. वेदना कमी करण्याचे काम आम्ही माणसाचा आब राखण्यासाठी करतो.

तिसरे म्हणजे, अशा वेदनाशामक शुश्रूषेची माहिती लोकांना अजून कमी आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 मध्ये सुरू झाले, पुण्याजवळ वारज्यात सिप्लाचे केंद्र 1997 पासून विनामूल्य चालते, तरीही ‘आता काही करता येणार नाही’ असे ऐकून घरी पाठवलेल्या कित्येक कुटुंबांना दुखणे आटोक्यात ठेवता येते हेच ठाऊक नसते. आपल्या कार्यक्रमाला आलेल्या तीनशे जणांपैकी दहा घरांना पुढे कधीतरी संस्थेचा दूरध्वनी क्रमांक लागणार आहे. पत्रिकेच्या पाठीमागे तो ठळक छापा. सडेतोड यांनी सुचवलेल्या धनादेशाने हे काम होत नाही, म्हणून आम्हाला धनादेश आणि गाणे दोन्ही हवे आहे.

सडेतोड

शुश्रूषाताई, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता हे खरे. दूरध्वनी क्रमांकासाठी सभागृह भरवावे हे मला मान्य आहे. भिडेच्या कराविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. म्हणून तिकीट नकोच, प्रवेश खुला ठेवा.

खर्ज

खुल्या प्रवेशाला कायद्याचाही एक आधार आहे. हौशी मंडळाने प्रवेशमूल्य न घेता सादर केलेले संगीत हे स्वामित्वहक्काचा भंग मानले जात नाही, अशी तरतूद 1957 च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. तिकीट लावले की ती सवलत जाते आणि ज्या गाण्यांचे हक्क शाबूत आहेत त्यांच्यासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना काढणे ओघाने आले. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतात. आणि ‘आम्ही फक्त अभंगच गाणार’ असे म्हणून सुटता येत नाही, कारण अभंग तुकोबांचा असला तरी चाल कोणा आधुनिक संगीतकाराची असते.

मिश्र_पिलू

म्हणजे आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाची चाल कोणाचीच नसल्याने ते पूर्ण कायदेशीर आहे. अनेक वर्षांची शंका फिटली.

पांढरी_पाच

मिश्र_पिलू, त्यांना एकदा पट्टी विचारून पाहा.

मूळ धाग्यातला गाण्यांच्या संख्येचा प्रश्न तसाच राहिला आहे. चाळीस जणांना रंगमंचावर आणणे, ओळी लावणे, दोन गाण्यांमधले निवेदन हे धरून तासाला आठ गाण्यांपलीकडे जाऊ नये. मध्यंतराआधी सात आणि नंतर सहा-सात पुरेत. नवे गाणे एकही बसवू नका. आईंनी बसवलेली, मावश्यांना झोपेतही येतील अशीच घ्या, कारण त्या दिवशी त्यांचे चित्त गाण्यावर किती असेल याची हमी देता येत नाही, आणि जे पाठ आहे तेवढेच अशा वेळी गळ्यातून निघते. वह्या हातात नकोत. वही घेतली की मान खाली जाते आणि आवाज पहिल्या रांगेच्या पुढे सरकत नाही.

ध्वनिव्यवस्थापकाला आधीच बजावून सांगा, की हा ऑर्केस्ट्रा नव्हे. तो सवयीने आठ-दहा हातमाइक आणून ठेवेल. मग माइकजवळचे आठ जण ऐकू येतील आणि बाकीचे बत्तीस जण केवळ ओठ हलवताना दिसतील. वृंदासमोर उंच दांड्यांवर चार कंडेन्सर (दुरूनही आवाज टिपणारे) माइक, ओळीपासून काही फूट दूर, एवढे पुरते. मॉनिटरचा (गायकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज चढवायचा मोह आवरा, नाहीतर शिट्टी वाजलीच म्हणून समजा. तबल्याचा आवाज बहुतेक वेळा कमीच करावा लागतो, आणि ते तबलजीच्या पाठीमागे करावे लागते.

हडर्सफील्डकर

सडेतोड यांच्या खुल्या प्रवेशाबद्दल एक व्यावहारिक भर. प्रवेश खुला असला तरी प्रवेशिका छापा आणि नावे नोंदवून घ्या. फुकटच्या कार्यक्रमाला येतो म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण पावसाचा एक शिडकावा झाला की घरी राहतात. प्रवेशिकेच्या मागे देणगीचे पाकीट जोडले, तर लोक ती रक्कम घरूनच ठरवून आणतात आणि दारात भीड पडत नाही. द्यायचे त्याने द्यावे, नसेल त्याने रिकामे पाकीट पेटीत टाकावे. कोणी काय टाकले ते कोणालाच दिसत नाही.

सडेतोड

पाकीट चालेल.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल भावासह बसून हा धागा सुरुवातीपासून वाचला. सभागृह, ध्वनी आणि साथ यांचा खर्च आम्ही दोघांनी निम्मा निम्मा करायचा आणि तो वर्षश्राद्धाचा खर्च समजायचा, असे ठरले. जेवणावळ घरच्यांपुरतीच ठेवू. प्रवेश खुला, प्रवेशिका आणि पाकीट. दानपेटी संस्थेची, पावती संस्थेची. भावाने एक अट घातली आहे की बोलायचे मी नाही, त्याने. तो तीन मिनिटांच्या वर बोलत नाही, म्हणून मी मान्य केले.

तारीख पितृपक्षातल्या रविवारची मिळते आहे. मावश्यांपैकी काहींनी नाके मुरडली, पण आई नवमीला श्राद्ध असलेल्या घरांतूनही तालमीला येत असे, हे एकीने आठवण करून दिल्यावर विरोध मावळला. पुरुषांना तीन गाण्यांत षड्ज आणि चार गाण्यांत खालचे अंतरे दिले आहेत. दोघांनी आत्ताच ‘सोलो’ मागितला आहे.

पांढरी_पाच

देऊ नका.

शुश्रूषा

पितृपक्षातला रविवार असेल तर संस्थेला आत्ताच कळवून ठेवा. रविवारी पथकातल्या निम्म्या जणांना सुटी असते आणि उरलेले घरभेटींवर असतात. पावतीपुस्तक घेऊन बसायला माणूस हवा असेल तर पाळीची यादी लागण्यापूर्वी सांगावे लागते. आणि आपल्या आईंकडे येणाऱ्या परिचारिकेला निमंत्रण द्याल तेव्हा तिला दानपेटीशी बसवू नका, प्रेक्षकांत बसवा.

तिसरी_घंटा

सभागृहाचा करार करताना रविवारच्या सकाळच्या सत्राचे भाडे वेगळे लागते का तेही विचारा. सकाळी बालनाट्य असेल तर रंगमंच दुपारी बारापर्यंत मोकळा होत नाही, आणि नेपथ्य उतरवताना पडलेल्या खिळ्यांवर चाळीस अनवाणी माणसे उभी करण्याआधी झाडू मारून घ्यावा लागतो.